सात वाजताची गर्दी

तिने ठरवलं होतं, फक्त चौकशी करायची. नुसती चौकशी. घ्यायचं काही नाही, बदलायचं काही नाही, कुणाला शब्द तर मुळीच द्यायचा नाही. (तिच्या आयुष्यात आजवर जी जी उलथापालथ झाली होती, तिची सुरुवात नुसत्या चौकशीनेच झाली होती. लग्नाचीसुद्धा. ती मैत्रिणीला सोबत म्हणून गेली होती आणि समोर बसलेल्या मुलाला तिने नुसतं विचारलं होतं, "तुम्हाला चष्मा कधी लागला?")

घरात तिला 'प्रश्नपत्रिका' म्हणत. सासूबाई कौतुकाने म्हणत, नवरा हळू आवाजात. गुंडीच्या जन्माआधी ती शाळेत विज्ञान शिकवायची. आता गुंडी रांगायला लागली होती, आणि शिकवायला घरात दुसरं कुणीच नसल्यामुळे आंघोळीच्या टबात बदक का तरंगतं आणि साबण का बुडतो, हे तिने गुंडीलाच दोनदा समजावून सांगितलं होतं. गुंडीने सगळं ऐकून घेऊन साबण चावला होता.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. आपण शिकवायचं विसरलो, अशी धास्ती तिच्या मनात घर करून बसली होती. मुलांसमोर उभं राहायचं आणि तोंडातून "आ कर, आ कर, विमान आलं" एवढंच बाहेर पडायचं, असं स्वप्न तिला पडलं होतं. म्हणून जेव्हा घरबसल्या शिकवायच्या एका संध्याकाळच्या शाळेने तिला डेमो तासाला बोलावलं, तेव्हा तिने आनंदाने उडी मारली आणि उतरता उतरता काळजीत पडली. डेमो पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी होता. तास आवडला तर नोकरी. वेळ संध्याकाळी सात.

आणि घरातलं नेट बरोबर सातलाच बसायचं.

सकाळी ते घोड्यासारखं उधळायचं. दुपारी शहाण्या बैलासारखं चालायचं. सात वाजले की मात्र भर रस्त्यात बसकण मारायचं, आणि मग पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहायचं. नवरा त्याकडे बघून म्हणायचा, "गर्दीची वेळ आहे, होणारच." आणि पुस्तक घ्यायचा. हा त्याचा स्वभाव. त्याच्या आणि तिच्या स्वभावातला फरक एवढाच, की त्याचं वाक्य जिथे संपायचं तिथे तिचं सुरू व्हायचं. गर्दी? कसली गर्दी? कुठे?

तिने कंपनीला फोन लावला. ही निळी कंपनी. नाव काही का असेना, त्यांची माणसं निळे शर्ट घालून यायची म्हणून इमारतीत सगळे तिला निळी म्हणत.

"मॅडम, सध्या तुमच्या भागात नेटवर्कवर गर्दी आहे," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"हो, पण नेमकी कुठे?"

"सॉरी, मॅडम?"

"म्हणजे माझ्या राउटरमध्ये आहे, आमच्या जिन्यातल्या पेटीत आहे, रस्त्यावरच्या खांबावर आहे, की तुमच्याकडे आहे?"

"मॅडम, गर्दी... नेटवर्कवर आहे."

"बरं. कशाची आहे? रस्त्यावर गाड्यांची होते, दवाखान्यात माणसांची होते. इथे रांगेत काय उभं असतं?"

"मॅडम, मी तुम्हाला दोन मिनिटं होल्डवर ठेवू का?"

होल्डवर बासरी वाजली. बासरीचं कडवं पुन्हा पुन्हा येऊन गेलं. मग मुलगी परत आली. कुणाला तरी विचारून आली असावी, कारण आवाजात आत्मविश्वास होता. "मॅडम, एक करा. चॅनल बदलून बघा."

"आई!" तिने तिथूनच बाहेरच्या खोलीत हाक मारली. "जरा चॅनल बदलता का?"

"आत्ता?" सासूबाई कळवळून म्हणाल्या. "अगं, आत्ता कुठे त्याची स्मृती परत येतेय! सहा महिने वाट बघितली मी."

"एकच मिनिट. नेटवाले सांगतायत."

सासूबाईंनी सुस्कारा सोडून बटण दाबलं.

"काही फरक पडला का, मॅडम?"

"नाही हो. बातम्या लागल्यात."

"सॉरी?"

"आई, अजून एक बदला. ... नाही, आता कुस्ती लागलीय."

मग अगदी हळुवारपणे, आजारी माणसाशी बोलावं तसं उत्तर आलं, "मॅडम, राउटरचा चॅनल."

(तिने विज्ञानाची पदवी घेतली होती. पहिल्या वर्गात. प्रमाणपत्र कपाटात वरच्या फळीवर आहे.)

राउटरचा चॅनलही तिने बदलला. नेटने त्याची दखल घेतली नाही. सासूबाई मालिकेवर परतल्या तोवर नायकाला सगळं आठवून झालं होतं, आणि नेमकं काय आठवलं ते त्यांना आता कधीच कळणार नव्हतं. त्या रात्रीच्या जेवणापर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत.

म्हणून मग दुसऱ्या दिवशी तिने पिवळ्या कंपनीकडे ती चौकशी केली. नुसती.

चौकशीचा फोन ठेवून तिने गुंडीचं दुपटं बदललं असेल नसेल, तोच दारात पिवळा शर्ट उभा. "मॅडम, आमचं नेट म्हणजे रिकामा रस्ता! सुसाट! निळ्यांकडे काय आहे, मॅडम, जत्रा आहे नुसती. आमच्याकडे या, एकटं वाटेल तुम्हाला."

"पण तुमच्याकडे गर्दी का नाही?"

"कारण आमच्याकडे कुणी नाहीये," तो प्रामाणिकपणे म्हणाला, मग जीभ चावून म्हणाला, "म्हणजे, अजून."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि निळा शर्ट आला. त्याला कुणी सांगितलं देव जाणे. "मॅडम, असं काय करता? इतक्या वर्षांचं नातं! मी तुमचा वेग दुप्पट करतो."

"मी तिप्पट करतो," पिवळा म्हणाला.

"मी वर भिंतीवरचं घड्याळ देतो."

"मी छत्री देतो. दोन."

"दादा, मला घड्याळ नको, छत्री नको," ती म्हणाली. "मला फक्त एवढं सांगा, सात वाजता काय होतं?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वर्गात मागच्या बाकावरच्या दोघांना एकदम उभं केल्यावर ते जसे बघतात, तस्सं. "गर्दी होते," दोघे एका सुरात म्हणाले. त्या बाबतीत दोन्ही कंपन्यांचं एकमत होतं.

तिने पिवळी घेतली आणि निळी बंद केली. काम मोठं बघण्यासारखं झालं. पिवळा खांबावर चढला आणि खाली शिडी धरून निळा उभा राहिला.

"तुम्ही कसे?" तिने चक्रावून विचारलं.

"शिडी एकच आहे ना, मॅडम," निळा म्हणाला. "त्याची आणि माझी मिळून. कंपन्यांचं भांडण आहे, आमचं कुठे आहे?"

पहिल्या संध्याकाळी सात वाजले, आणि नेट धावत राहिलं. ती घड्याळाकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत होती. चक्र नाही, काही नाही. तिने सासूबाई आणि गुंडी यांना समोर बसवून डेमो तासाची तालीम केली. सासूबाईंना तास आवडला. ("पण मध्ये एखादं गाणं असतं तर?") ती त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात समोरच्या वहिनी भेटल्या. "काय गं, पिवळी घेतलीस म्हणे? कशी आहे?"

आता इथे माणसाने "ठीक आहे" म्हणावं आणि भाजीची पिशवी उचलून चालू लागावं. पण तिला मनापासून आनंद झाला होता, आणि आनंद झाला की ती समजावून सांगायला लागायची. तिने वहिनींना हात हलवून हलवून पिवळीचे गुण सांगितले. वहिनींनी ते वरच्या मजल्यावरच्या काकांना सांगितले. निवृत्त झालेल्या काकांना कुठलीही गोष्ट संपूर्ण इमारतीला सांगायला फक्त एक सकाळ पुरायची. पिवळीबद्दल कुणाला काहीच माहीत नव्हतं, पण प्रश्नपत्रिकेबद्दल सगळ्यांना माहीत होतं. "ती काही उगाच बदलणार नाही हो," काका म्हणाले. "टूथब्रश घेतानासुद्धा दुकानदाराला रडवते."

आठवडा उलटायच्या आत इमारतीला कावीळ झाली. खालपासून वरपर्यंत सगळं पिवळं.

आणि सात वाजता नेट बसलं.

ती चक्राकडे बघत राहिली. पण यावेळी घाबरण्याआधी तिला उत्सुकता वाटली. (क्रम नेहमी उलटा असायचा.) तिने गुंडीला कडेवर घेतलं आणि जिन्यातल्या पेटीशी जाऊन उभी राहिली. पेटीचं झाकण कधीच नीट बसलेलं नव्हतं. आत प्रत्येक घरातून आलेल्या तारा होत्या, निळ्या आणि पिवळ्या, वेणी घालायची राहून गेलेल्या केसांसारख्या. खाली निळ्यांची एक नळी होती आणि पिवळ्यांची एक, आणि चालू असलेल्या सगळ्या पिवळ्या तारा त्यांच्या त्या एकाच नळीत शिरत होत्या. नळी केवढी? गुंडीच्या मनगटाएवढी.

जिना शांत होता. मग कान सरावल्यावर तो शांत नव्हता असं तिच्या लक्षात आलं. वहिनींच्या दाराआडून कुणी तरी विचारत होतं, "आता काठाला टीप कुठून घालायची?" त्यावर दुसरं दार म्हणत होतं, "आणखी दहा! सोडू नका! पोट आत!" आणि काका धापा टाकत होते. खालच्या मजल्यावर कुणी लेकीशी बोलत होतं, तिकडे आत्ता सकाळ होती, आणि लेक नाश्त्याला काय केलं ते दाखवत होती. कुठे तरी गोळ्या झाडल्या जात होत्या आणि कुणी तरी मरून परत जिवंत होत होतं. सगळं त्या मनगटाएवढ्या नळीतून! तिला मोठी गंमत वाटली. इतके दिवस आपण गर्दी खांबावर शोधत होतो, दूर कुठल्या कंपनीच्या गोदामात शोधत होतो. आणि गर्दी इथे दाराआड चप्पल काढून, पाय पसरून बसली होती. गर्दी म्हणजे वहिनी. गर्दी म्हणजे काका. तिने गुंडीला हे सगळं समजावून सांगितलं. गुंडीने पिवळी तार ओढली, आणि काकांच्या घरातला व्यायाम थांबला.

(ही गोष्ट तिने अजून काकांना सांगितलेली नाही.)

पण गर्दी कुठे आहे हे कळलं म्हणून ती कमी थोडीच होते? डेमो जवळ येत चालला होता. अशात निळ्याचा फोन आला. "मॅडम, आमच्याकडे आता सगळं ओस पडलंय हो. तुमच्या इमारतीत आमच्या लाइनवर एक माणूस नाही. भुतासारखी रिकामी धावतेय."

तिच्या डोळ्यांपुढे ती रिकामी लाइन उभी राहिली. "या," ती कुजबुजली. "पण निळा शर्ट घालू नका. कुणाला कळता कामा नये."

तो साधा शर्ट घालून आला. कुणाशी बोलला नाही. मान खाली घालून आला, काम करून मान खाली घालून गेला. नेट पुन्हा उधळलं. ते सुख फार टिकलं नाही. दोन दिवस उलटायच्या आत काका जिन्यात भेटले आणि डोळे मिचकावून म्हणाले, "ओळखली बरं का मी!"

"काय ओळखलं, काका?"

"शिडी! म्हटलं, ही शिडी प्रश्नपत्रिकेकडे आली म्हणजे काही तरी आहे. आपलीही लाइन जोडायला सांगून टाकलं त्याला. बाकीच्यांनाही कळवलं. तू काही बोलत नाहीस, पण तुझ्या मनात सगळ्यांचं भलं असतं, हे ठाऊक आहे मला."

इमारत निळी झाली. नेट बसलं.

"एक उपाय आहे," नवरा जेवताना गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "तू दोन्ही बंद कर. मग तुझं बघून बाकीचेही बंद करतील. मग हळूच घे."

"तुला चेष्टा सुचतेय. माझी नोकरी जाईल."

"मिळायच्या आधी कशी जाईल?"

"माझी जाईल," ती म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याने चमचा खाली ठेवला. त्याने तिला इतकं घाबरलेलं फक्त एकदाच पाहिलं होतं. गुंडी पहिल्यांदा शिंकली होती तेव्हा.

"मग सरळ जा आणि सांग सगळ्यांना," तो म्हणाला. "माणसं चांगली आहेत. शुक्रवारी सातला तासभर नेट वापरू नका म्हणावं."

ती दारोदार गेली. आणि खरंच, माणसं चांगली निघाली. वहिनी म्हणाल्या, "अगं, एवढंच ना? काठ काय पळून जातोय?" काका म्हणाले, "एक दिवस पोट बाहेर राहील." खालच्या आजींनी लेकीला कळवलं, की शुक्रवारी नाश्ता दाखवू नकोस. गोळ्या झाडणाऱ्या मुलाने शस्त्रसंधी जाहीर केली. ती तरंगत घरी आली.

घरी सासूबाई विचारात बसल्या होत्या. "मला सांग, तुझ्या त्या कार्यक्रमाला ऐकायला कोण कोण असणार?"

"कार्यक्रम नाही हो, आई. डेमो तास. चार-पाच मुलं, आणि मोठ्या बाई." (शाळेच्या मुख्याध्यापिकेला ती अजून मोठ्या बाईच म्हणायची. लहानपणीची भीती; ती कुठल्याही शाळेतल्या मोठ्या बाईंना आपोआप लागू व्हायची.)

"चार-पाच?" सासूबाईंना ते लागलं. आपल्या घरातल्या माणसाचा कार्यक्रम आणि समोर चार टाळकी, ही गोष्ट त्यांच्या पिढीत कुणी खपवून घेतली नव्हती. त्यांच्या भावाने नाटकात पहारेकऱ्याचं काम केलं होतं, एकही वाक्य नव्हतं, तरी त्यांनी पुढच्या दोन रांगा भरून माणसं नेली होती. आणि डेमोची लिंक घरच्या ग्रुपवर होतीच. ऑफिसातून उघडते का ते बघायला नवऱ्याने ती तिथे टाकून ठेवली होती.

शुक्रवार उजाडला. सहा वाजल्यापासून इमारत इतकी गप्प होती, की नळाचं पाणी टपकताना ऐकू येत होतं. गुंडी झोपली. सासूबाई फोन घेऊन स्वतःच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. ती पडद्यासमोर बसली. सातला समोर पाच चौकोन उघडले. चार मुलं होती, आणि पाचव्या चौकोनात करड्या केसांच्या मोठ्या बाई, ओठ घट्ट मिटून. चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. तिने दीर्घ श्वास घेतला.

"आज आपण आरशाकडे बघूया," ती म्हणाली, आणि तोंडातून विमान बाहेर पडलं नाही. शब्द येत होते. आवाज तिचाच होता, पूर्वीचा. "आरशात तुमचा डावा हात उजवा दिसतो. बरोबर? मग मला सांगा, आरसा डावं-उजवं उलटं करतो, तर वर-खाली का उलटं करत नाही? तुमचं डोकं खाली आणि पाय वर का दिसत नाहीत?"

त्याच क्षणी सहावा चौकोन उघडला. त्यात छताचा पंखा होता. खालून काकांचा आवाज आला, "सुरू झालं का?"

मग सातवा. त्यात एक कान होता. वहिनींचा. मग खालच्या आजी, मग आजींची लेक, सकाळच्या उजेडात, हातात नाश्ता. मग गोळ्या झाडणारा मुलगा. मग सासूबाईंच्या दोन्ही बहिणी. मग नवरा, आणि त्याच्या पाठीमागे त्याचं अख्खं ऑफिस. चौकोन उगवत गेले आणि लहान लहान होत गेले, आणि मोठ्या बाई त्या गर्दीत टपाल तिकिटाएवढ्या होऊन कुठे तरी हरवल्या.

आता तिची एक सवय इथे सांगायला हवी. ती प्रश्न विचारायची, आणि समोरच्याने तोंड उघडण्याआधी स्वतःच उत्तर द्यायची. शांतता तिला सोसत नसे. शांतता म्हणजे आपलं काही तरी चुकलं, असं तिला वाटे. त्यामुळे एवढी माणसं बघून ती घाबरली, आणि घाबरून सुसाट सुटली. आरसा म्हणजे काय, पुढचं-मागचं म्हणजे काय, हात इकडे का, डोकं तिकडे का, सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, मुलं किती एकाग्रतेने ऐकतायत! कुणी हलत नाही, कुणी चुळबुळत नाही. पापणीसुद्धा लवत नाही. एकाचं बोट नाकाशी थांबलेलं. काकांचा पंखासुद्धा थांबला होता.

पंखा?

मग तिला कोपऱ्यातलं चक्र दिसलं.

किती वेळ ते फिरत होतं, तिला कळलं नाही. तिने राउटरकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, सासूबाईंच्या बंद दाराकडे पाहिलं. मग एकदम सगळे चौकोन हलले आणि एक मुलगी ओरडली, "मॅडम, मॅडम, मला कळलं! आरसा डावं-उजवं उलटं करतच नाही! माझा उजवा हात उजवीकडेच आहे. तो फक्त पुढचं-मागचं उलटं करतो!"

"हो, मी आत्ता तेच म्हटलं," ती कसंबसं म्हणाली. पण तेही बहुधा नळीतच राहिलं, कारण पुन्हा चक्र फिरलं, आणि मग तास संपला.

ती तशीच उठून वर गेली. "काका, तुम्ही नेट वापरणार नव्हतात ना?"

"वापरलंच नाही!" काका दुखावले. "मी फक्त तुझा तास बघितला."

रात्रभर तिने स्वतःची समजूत घातली. घरी बसण्यातही काही वाईट नाही. गुंडीला अजून पुष्कळ विज्ञान शिकवायचं आहे. सासूबाईंनी दोनदा दार उघडून पाहिलं आणि दोनदा लावून घेतलं. काही तरी चुकलं एवढं त्यांना कळलं होतं. काय चुकलं ते मात्र नाही. हॉल तर भरला होता.

सकाळी मोठ्या बाईंचा फोन आला.

"तुमच्या कालच्या तासाबद्दल बोलायचं होतं," करडा आवाज म्हणाला.

"बाई, मी माफी मागते, ते काल..."

"मला त्या थांबण्याबद्दल बोलायचंय." आवाज थरथरला. "तुम्ही प्रश्न विचारलात आणि थांबलात. नुसत्या थांबला नाहीत. चेहऱ्यावरची रेष हलली नाही! हनुवटीला बोट, ओठ किंचित उघडे, डोळे मुलांवर. मी इतकी वर्षं शिक्षकांना सांगतेय, उत्तराची घाई करू नका, मुलांना विचार करू द्या. कुणाला जमत नाही. पाच मोजायच्या आत सगळे बोलून मोकळे होतात. आणि तुम्ही? ती मुलगी एरवी वर्गात तोंड उघडत नाही हो!"

खरं सांगायलाच हवं होतं. "बाई, खरं सांगायचं तर, ते नेट..."

"नेटकं! अगदी बरोबर शब्द वापरलात. नेटकं!" बाई म्हणाल्या. "आणि पालकांनाही बोलावलंत, ते तर मला सुचलंच नसतं. सोमवारपासून या. पहिल्या तासाला माझे बाकीचे शिक्षकही बसतील. तुमचं ते थांबणं बघायला."

फोन ठेवून ती खुर्चीत बसली. नोकरी मिळाली होती. तिच्या तासातल्या ज्या भागात ती नव्हती, त्या भागासाठी मिळाली होती.

"खरं सांगितलंस का?" नवऱ्याने विचारलं.

"निम्मं सांगितलं. उरलेलं त्यांनी स्वतःच पूर्ण केलं."

एवढ्यावर निभावलं असतं. पण या इमारतीची चंचल वृत्ती दोन्ही कंपन्यांच्या वरच्या लोकांपर्यंत पोहोचली होती. अशी गिऱ्हाईकं एका शिडीवरून इकडची तिकडे जातात, तर त्यांना बांधून ठेवायला हवं! म्हणून शनिवारी निळ्यांनी नवी जाड लाइन टाकली, आणि ते बघून रविवारी पिवळ्यांनी त्याहून जाड टाकली. जुन्या नळ्या गेल्या. सोमवारी सात वाजता काका व्यायाम करत होते, वहिनी काठ शिवत होत्या, खाली लढाई पेटली होती, आणि नेट दुधासारखं वाहत होतं. अडखळायचं नाव नाही.

आणि समोर तीस शिक्षक वह्या उघडून थांबण्याची वाट बघत बसले होते.

"मला सांगा," ती मुलांना म्हणाली, "भांडं काठोकाठ पाण्याने भरलंय, आणि त्यात बर्फाचा तुकडा तरंगतोय. बर्फ वितळला, तर पाणी सांडेल का?"

आणि ती थांबली. रविवारभर तिने आरशासमोर तालीम केली होती. हनुवटीला बोट. डोळे सताड. ओठ किंचित उघडे, कारण त्या दिवशी तसेच अडकले होते. उत्तर तिच्या दातांपर्यंत आलं होतं, तिने ते तिथेच दाबून धरलं. श्वास रोखला. नाकाला खाज सुटली. तिने ती सोसली. मोठ्या बाई समाधानाने मान डोलावत होत्या. शिक्षक लिहून घेत होते.

मागचं दार किरकिरलं. सासूबाई गुंडीला कडेवर घेऊन आत आल्या आणि थबकल्या. "अगं बाई! परत अडकलं का गं? हॅलो? ऐकू येतंय का? थांब हं, मी काकांना सांगते बंद करायला!" आणि त्या लगबगीने, एका हाताने पदर सावरत, दुसऱ्या हाताने गुंडी सावरत, तिच्या खुर्चीमागून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. गुंडीने जाता जाता हात हलवला.

ती हलली नाही. पापणीसुद्धा लवू दिली नाही.

मग त्याच मुलीने, जी एरवी वर्गात तोंड उघडत नसे, हात वर केला.

"मॅडम, तुमचं नेट चालू आहे. मागे आजी चालतायत."